रॅम वाढवल्यानंतर संगणक बंद पडू लागल्यास काय करावे

नवी रॅम बसवल्यावर संगणक मध्येच रीस्टार्ट होऊ लागला किंवा निळा स्क्रीन दिसू लागला, की विंडोज नव्याने टाकून घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. सदोष रॅममधून गेलेली माहिती बिघडलेल्या रूपातच डिस्कवर लिहिली जाऊ शकते, त्यामुळे अशा अवस्थेत टाकलेले विंडोजही भरवशाचे नसते. त्याऐवजी नवी रॅम काढून जुन्याच रॅमवर दिवसभर नेहमीचे काम करावे आणि संगणक स्थिर राहिल्यास महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि आतल्या धातूच्या भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरू द्यावी. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ही खबरदारी टाळू नये. मग रॅमची स्टिक, म्हणजे पट्टी, मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये (खोबणीत) दोन्ही टोकांनी सारख्या दाबाने बसवावी. ती वरवर बसलेली दिसते, पण एक टोक किंचित वर राहिलेले असते, आणि बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

त्यानंतर जुळणी तपासावी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असल्याने चुकीची पिढी स्लॉटमध्ये बसतच नाही. फसगत होते ती १.५ व्होल्टची डीडीआर३ आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल यांच्यात, कारण दोन्ही दिसायला सारख्या असतात आणि काही लॅपटॉप फक्त कमी व्होल्टेजचीच रॅम स्वीकारतात. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोनच स्टिक असतील, तर त्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. तरीही मॅन्युअल पाहावेच. डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटे काळा राहू शकतो. तो बिघाड नसतो, म्हणून घाईने वीज बंद करू नये.

आता बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमचा वेग वाढवणारे प्रोफाइल बंद करावे. खोक्यावर छापलेला ३६०० सारखा वेग हा प्रत्यक्षात ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्या प्रमाणित वेगापेक्षा वाढवलेला वेग असतो, आणि जुन्या-नव्या स्टिक एकत्र केल्यावर किंवा चारही स्लॉट भरल्यावर तो वेग अनेकदा पेलवत नाही. प्रोफाइल बंद केल्यावर संगणक स्थिर राहिला, तर रॅम बहुधा चांगली आहे; बायॉस अद्ययावत करून पाहावे किंवा थोडा कमी वेग स्वीकारावा. रोजच्या कामात हा फरक फारसा जाणवत नाही.

तरीही बिघाड कायम असेल, तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून संगणक सुरू करावा. विंडोजमधील मेमरी तपासणी सोयीची आहे, पण तिच्या नजरेतून काही दोष सुटतात. एका वेळी एकच स्टिक, तीही एकाच स्लॉटमध्ये ठेवून, पूर्ण चार फेऱ्या होऊ द्याव्यात. मोठ्या रॅमला यासाठी कित्येक तास लागतात, म्हणून रात्री चाचणी लावून ठेवणे बरे. प्रोफाइल बंद असताना एकही त्रुटी दिसली तरी ती दुर्लक्षू नये. त्रुटी स्टिकसोबत दुसऱ्या स्लॉटमध्येही गेली तर स्टिक खराब आहे. प्रत्येक स्टिकला एकाच स्लॉटमध्ये त्रुटी येत असेल, तर दोष त्या स्लॉटमध्ये, मदरबोर्डमध्ये किंवा प्रोसेसरच्या जोडणीत असण्याची शक्यता जास्त.

एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, तेव्हा दुपारीच संगणक बंद पडत असेल तर तीच चाचणी पहाटेही करून निकाल ताडून पाहावा, कारण तेव्हा रॅमपेक्षा उष्णतेवर संशय घेणे योग्य ठरते. खोलीतल्या कूलरची मोटर सुरू होताच रीस्टार्ट होत असेल, तर व्होल्टेज आणि पॉवर सप्लाय आधी पाहावा. कूलरची दमट हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये.

स्टिक सदोष निघाल्यास मेमटेस्टच्या निकालाचा फोटो आणि बिल घेऊन, रॅम जिथून घेतली त्या बर्डीवरच्या (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या) दुकानात जावे. रॅम जोडीने घेतली असेल, तर दोन्ही स्टिक सोबत न्याव्यात, आणि बदलून मिळालेली जोडी पुन्हा त्याच चाचणीतून काढल्याशिवाय कामाला लावू नये.