पणजोबांच्या मागे कसं जावं: फेरफार, कोतवाल बुक आणि त्र्यंबकच्या वह्या

वंशावळ शोधायला निघालेला माणूस सगळ्यात आधी आडनावाच्या मागे लागतो. आपलं मूळ कुठल्या राजघराण्यात, देवक कोणतं, गादी कुठली, हे सांगणारे व्हिडिओ पाहतो आणि महिनाभरात थकून सोडून देतो. हे आधी बंद करा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गावच्या कागदांत बहुतेकांना आडनावच नसतं. 'रामा बिन गोविंदा', म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा, एवढ्यावर काम भागायचं. आडनावापेक्षा जमीन धरा. सर्व्हे नंबर पिढ्यान्‌पिढ्या जागचा हलत नाही.

दुसरा वाईट सल्ला इंग्रजी संकेतस्थळांवरून येतो: जनगणना पाहा, दफनाच्या नोंदी पाहा, गरीबखान्यांची रजिस्टरं पाहा. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनच्या जनगणनेत घरातल्या माणसांची नावं वाचता येतात, म्हणून तिथे तो सल्ला बरोबर. आपल्याकडे जनगणना १८७२ पासून होते, पण नावनिशीचे तक्ते आकडे काढल्यावर जपलेच गेले नाहीत. १९४८ च्या कायद्याने तर ती माहिती गोपनीयच आहे. दफनाचं म्हणाल तर बहुतेक हिंदू घरांत दहन, त्यामुळे थडग्यावरचा मजकूर हा प्रश्नच येत नाही. ख्रिस्ती कुटुंबांचं मात्र वेगळं. वसईत किंवा गोव्यात बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या चर्चमधल्या नोंदी हाच त्यांचा मुख्य रस्ता. पणजीचं पुराभिलेखागार तर १५९५ मध्ये सुरू झालेलं आहे. बाकीच्यांनी तहसील गाठावी.

घरातली तयारी

म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या, सातबारा आणि आठ-अ काढून ठेवा. हे कुणाला शिकवायला नको.

फेरफारांची साखळी

जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ गोलात आकडे असतात. तो फेरफार क्रमांक. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. ज्यांची नावं कमी झाली ती कंसात असतात. प्रत्येक गोलातला आकडा उतरवून घ्या आणि त्या त्या फेरफाराची नक्कल काढा. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार शासनाच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. वारसाच्या फेरफारात 'खातेदार अमुक हे मयत, वारस मुलगे अमुक, विधवा अमुक' असं सरळ लिहिलेलं असतं. एका कागदात दोन पिढ्या मिळतात.

काही खुणा माहीत असू द्या. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल लहान असताना बाप गेला, आई किंवा चुलता सांभाळत होता. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: नाव एकाचं असलं तरी मागे भाऊ आहेत. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. मराठवाड्यात 'बिन'च्या जागी 'वलद' दिसेल. १९५६ च्या आधीच्या वारस नोंदींत मुलींची नावं सहसा नसतात, तेव्हा नोंदीत आत्या नाही म्हणून ती नव्हतीच असं धरू नका. बायकांचं माहेर तर या कागदांत शोधूच नका. ते घरच्या म्हाताऱ्यांकडूनच मिळतं.

गावात जमिनींच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं असेल तर जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झालेले असतात. जुना नंबर आणि गट नंबर जुळवणारा तक्ता घेतल्याशिवाय मागे जाऊ नका, नाहीतर शेजाऱ्याच्या पणजोबांची वंशावळ तयार होईल.

ज्यांच्याकडे स्वतःच्या खात्यावर जमीन नव्हती त्यांनी हात टेकायचं कारण नाही. महार वतन, म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात दिलेली जमीन, १९५८ च्या कायद्याने खालसा झालं आणि जमिनी पुन्हा दिल्या गेल्या, तेव्हाच्या फेरफारांत हिस्सेदारांची लांबच लांब यादी असते. अख्खी भावकी एका पानावर. एवढं कुठल्याही पाटलाच्या सातबाऱ्यावर मिळत नाही.

कोतवाल बुक

गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची वही. तहसीलच्या रेकॉर्डमध्ये रुमालात बांधलेली असते. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून या वह्या मोठ्या प्रमाणावर बाहेर निघाल्या, स्कॅन झाल्या, आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. आधी तिथे बघा, मग तहसिलीत जा.

जन्माच्या नोंदीत बहुधा मुलाचं नाव नसतं. 'मुलगा', बापाचं नाव, जात, तारीख, बस्स. म्हणून 'आजोबांच्या नावाची नोंद सापडत नाही' ही तक्रार घेऊन बसू नका. बापाचं नाव शोधा. मृत्यूच्या नोंदीत मात्र नाव, वय आणि कारण असतं: ताप, पटकी, देवी, प्लेग. १९१८ ची पानं उघडलीत तर इन्फ्लुएन्झाच्या महिन्यांत ओळीमागून ओळ 'ताप' दिसेल, एकाच घरातली माणसं एकाखाली एक.

जिल्हा बदलला असेल ते लक्षात ठेवा. १९८१ च्या आधी सिंधुदुर्ग रत्नागिरीत होतं, जालना औरंगाबादेत. लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून निघालं, नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून. गाव संस्थानात असेल तर कागद आणखी वेगळ्या दप्तरात: कोल्हापूर संस्थानाचे कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात. आणि खिडकीवर तोंडी 'आढळ होत नाही' ऐकून परत येऊ नका. लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा रुमाल सापडतो.

हा रामा आपलाच कशावरून?

खरी अडचण इथे आहे. इतर सगळ्या पायऱ्यांना मिळून लागला नसेल एवढा वेळ मला इथे लागला, आणि याबद्दल कुणी धड सांगत नाही. कागद मिळणं अवघड नसतं. मिळालेल्या कागदावरचा माणूस आपला आहे की नाही, हे ठरवणं अवघड असतं.

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव देतात. त्यामुळे गोविंदाचा रामा, रामाचा गोविंदा, पुन्हा गोविंदाचा रामा. साखळी अशीच फिरत राहते. दोन गोविंदा एकच समजलात की मधल्या दोन पिढ्या गायब. इंटरनेटवर फिरणाऱ्या वंशावळींत नऊ पिढ्या आणि चारशे वर्षं असा हिशेब दिसला, की कुठेतरी हेच झालेलं आहे.

एक उदाहरण घ्या. पहिल्या मोजणीच्या शेतवार पत्रकात, समजा १८६८ साली, खातेदार 'गोविंदा बिन रामा'. कोतवाल बुकात १९१८ साली 'गोविंदा रामा, वय ६५, ताप'. गाव तेच, बापाचं नाव तेच. बहुतेक लोक इथे बरोबरची खूण करून पुढे जातात. जरा आकडे मांडा. १९१८ ला पासष्ट म्हणजे जन्म १८५३ च्या सुमाराचा, म्हणजे १८६८ ला तो पंधरा वर्षांचा पोर. पोराच्या नावावर खातं असतं तर पुढे पालनकर्त्याचं नाव हवं होतं. ते नाही. म्हणजे पत्रकातला गोविंदा हा दुसरा, बहुधा याचा आजोबा, आणि मध्ये एक रामा आहे ज्याचा कागद अजून शोधायचाय. वही लिहिणारा वय अंदाजानेच लिहायचा, चाळीस, पन्नास, साठ असं, म्हणून चार-पाच वर्षांची चूक माफ. वीस वर्षांची माफ नाही.

माझा नियम असा: एका पिढीला दोन कागद, तेही वेगवेगळ्या दप्तरांतले. फेरफार आणि कोतवाल बुक जुळलं पाहिजे, किंवा फेरफार आणि शाळेचं जनरल रजिस्टर. मृत्यूची तारीख वारस नोंदीच्या आधीची हवी. वारस नोंद मृत्यूनंतर वीस वर्षांनीही झालेली असू शकते, कारण भावाभावांत वाटणी निघेपर्यंत तलाठ्याकडे जायला कुणाला सवड नसायची. पण ती मृत्यूच्या आधी होऊच शकत नाही. दोन्ही कागदांत तोच सर्व्हे नंबर किंवा तीच वाडी दिसली तरच पिढी पक्की करायची. एकच कागद असेल तर नाव पेन्सिलने लिहा.

शाळेच्या रजिस्टरवरची जन्मतारीख पुरावा म्हणून वापरू नका. अर्धा गाव १ जूनला जन्मलेला असतो, तो मास्तरांच्या कृपेने. रजिस्टरातून बापाचं नाव आणि आधीची शाळा तेवढी घ्या.

दोन सापळे आणखी. एक, दत्तक. जन्माची नोंद एका बापाच्या नावाने आणि वारस नोंद दुसऱ्याच्या, असं दिसलं की कागद चुकीचा म्हणून फेकू नका. दत्तकपत्र झालं असेल तर ते नोंदणी कार्यालयात मिळू शकतं. दोन, नावं ठेवण्याची रीत. आधीची मुलं गेली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, भिका किंवा केरू ठेवायचे. घरात हाक वेगळी, कागदावर नाव वेगळं. घरच्यांना 'बापू' म्हणून माहीत असलेला माणूस फेरफारात 'दगडू' निघतो, आणि ही माहिती फक्त एखाद्या म्हाताऱ्या आत्याकडे असते.

मोडी

जुने कागद मोडी लिपीत असतात. ती पूर्ण शिकायची गरज नाही. नावं ओळखण्यापुरती शिका. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. डोक्यावरची रेघ आधी मारून मग त्याखाली अक्षरं लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आपल्या गावाचं नाव, 'बिन', 'मयत' आणि घरातली सात-आठ नावं सराईतपणे ओळखता आली की पान चाळता येतं.

बाकीचं मोडी वाचकाला द्या, पण त्याला कुठलं नाव हवंय ते सांगू नका. सांगितलंत की त्याला तेच नाव दिसणार. लबाडी नसते, अस्पष्ट अक्षर हव्या त्या नावाकडे झुकतं एवढंच. पान द्या आणि म्हणा, जे आहे ते उतरवून द्या. महत्त्वाचं पान दोन वाचकांकडून, एकमेकांना न सांगता, वाचून घ्या.

सनांचा हिशेब सोपा आहे. शकात ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. निजामी मुलखातल्या फसली सनात ५९०, आणि जानेवारीनंतरच्या तारखांना ५९१. अठराव्या शतकातल्या कागदांवरचा, अरबी शब्दांत लिहिलेला शुहूर सन 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर, हजार: ११७२. हे वर्ष मृगापासून सुरू होतं. त्यात ५९९ मिळवले की १७७१, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवून १७७२.

त्र्यंबक, नाशिक, पैठण

कागद संपले की तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तुमच्या गावाचे आणि कुळाचे उपाध्याय कोण ते आधी विचारून जा, नाहीतर घाटावर जो आधी गाठेल तोच तुमचा. वहीत तुमच्याच पूर्वजांनी सांगितलेली नावं असतात, कधी त्यांच्या सह्या. तिथली वंशावळ शेवटी पाहायची, आधी नाही. यात्रेकरूने जे सांगितलं ते वहीत चढलं, तपासलं कुणी नव्हतं. तुमच्या फेरफारांतल्या चार पिढ्या वहीतल्या चार पिढ्यांशी जुळल्या तर त्यामागच्या नावांवर भरवसा ठेवा. नाही जुळल्या तर कागद प्रमाण.

पितृपक्षात जाऊ नका, सिंहस्थाच्या गर्दीत तर नाहीच. २०२७ चा सिंहस्थ समोर आहे, म्हणून आधी उरकून घ्या किंवा नंतर जा. साधा वार पाहून सकाळी जा. दक्षिणा आधी ठरवा, पानाचा फोटो काढू देणार का ते आधी विचारा. निघण्यापूर्वी तुमच्या घरातल्या आताच्या मुलांची नावं वहीत घालायला सांगा, मुलींचीही, आणि ती नीट लिहिली जातात का ते तिथेच उभं राहून बघा.