स्पॅनिश दुभाषी शोधताना

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात मेक्सिकोचे ग्राहक येणार असतील तर दुभाषी लागतो. मुलीची पदवी स्पेनच्या विद्यापीठाला पाठवायची असेल तर अनुवादक. दोन्ही कामं एकाच माणसाला जमतील असं गृहीत धरू नका.

स्पेनमधल्या सरकारी कामाला बहुधा शपथबद्ध अनुवादकाचाच अनुवाद मागतात. त्यांची अधिकृत यादी स्पेनचं परराष्ट्र मंत्रालय देतं, ती आधी उघडा. कुणीतरी शिक्का मारून दिलेला स्वस्त अनुवाद परत येतो आणि प्रवेशाची मुदत निघून जाते, हे फार वाईट. कागदांवर आधी अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचं सरकारी प्रमाणपत्र घ्या, मग अनुवादाला द्या. पुष्कळदा अपोस्टिलचाही अनुवाद लागतो.

दुभाष्यासाठी पुण्यात चौकशी करा. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, तिथून नावं मिळू शकतात. डेले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेची सी१ ही वरची पातळी विचारा. तरीही दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलून बघाच, कारण परीक्षेत दुभाषेपणा तपासलेला नसतो. यंत्रांची ड्रॉइंग्ज आणि सुट्या भागांची नावं त्याला आठवडाभर आधी पाठवा. माझ्या मते कामाचा निम्मा दर्जा इथेच ठरतो.

पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवायचं असेल तर त्या भाषेचा परवानाधारक गाइड वेगळा घ्या. अनुवादाचा दर बहुधा शब्दांवर असतो, दुभाष्याचा दिवसावर. प्रवास आणि मुक्काम कुणाचा, ते लेखी ठरवा. दिवसभराची बैठक असेल तर दोन दुभाषी सांगा.