घरगुती डीव्हीडीच्या व्हीओबी फाइल एडिट करताना आवाज पुढे-मागे जात असेल तर

लक्षण: जुन्या लग्नाच्या डीव्हीडीवरून वाचवलेल्या व्हीओबी फाइल (डीव्हीडीवरचा व्हिडिओ-आवाज यातच असतो) व्हीएलसी प्लेअरमध्ये ठीक चालतात, शॉटकट या व्हिडिओ एडिटरमध्ये लांबी चुकीची दिसते, कट भलत्याच फ्रेमवर पडतो, आवाज ओठांशी जुळत नाही.

एक्स्टेन्शन बदलून एमपीजी केलं, तुकडे एकामागे एक जोडले, उपयोग शून्य. अक्षरशः डोकं फिरलं. डीव्हीडीवर एकच प्रवाह साधारण १ जीबीच्या तुकड्यांत चिरलेला असतो, मध्येच वेळेचे शिक्के (कोणती फ्रेम कधी दाखवायची त्या नोंदी) पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकतात. शिवाय एमपेग-२ मध्ये, म्हणजे डीव्हीडीच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये, पूर्ण चित्र अधूनमधूनच येतं, बाकी आजूबाजूच्या चित्रांपासूनचे नुसते फरक.

जमलं ते असं. डीव्हीडीवरचं अख्खं व्हिडिओ_टीएस (VIDEO_TS) फोल्डर हार्डडिस्कवर घ्या. त्यातल्या आयएफओ फाइल (कोणता तुकडा कुठे जोडायचा याची माहिती देणाऱ्या) हव्यातच. मेकएमकेव्ही या प्रोग्राममध्ये आयएफओ उघडून टायटल (डीव्हीडीवरचा एकेक सलग व्हिडिओ) एमकेव्ही फाइल म्हणून काढा. (दोन मिनिटांखालची टायटलं तो मुळात दाखवत नाही, सेटिंगमध्ये ती मर्यादा कमी करा. आमची हळद तिथेच अडकली होती.) मग शॉटकटमध्ये व्हिडिओ मोड एसडी पाल, ७२०×५७६, २५ फ्रेम ठेवा. क्लिपच्या प्रॉपर्टीजमधून एडिटिंगयोग्य रूपांतर निवडा, त्यात मधला, डीएनएक्सएचआरचा (एडिटिंगसाठीचा फॉरमॅट, यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते) पर्याय घ्या. फाइल कित्येक पट फुगते, जागा आधी मोकळी करा. कापाकापी या नव्या फाइलवरच.