मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात बाईक ट्रिप: या चुका टाळा

लेह झालं, स्पिती झालं, उमलिंग ला झाला, आता पुढे काय? हा प्रश्न पडलेल्या रायडर मंडळींच्या यादीत हल्ली मंगोलिया दिसू लागला आहे. नेहमीचा बेत साधारण असा असतो: राजधानी उलानबातरहून निघायचं, खारखोरिनपर्यंत साडेतीनशेच्या वर किलोमीटर डांबरी रस्ता, मग ओरखोन नदीचं खोरं, त्सेत्सेर्लेग, तेर्खीन त्सागान सरोवर आणि परत. सोबत स्थानिक गाइड, मेकॅनिक आणि सामान घेऊन मागून येणारी रशियन बनावटीची ‘पुर्गोन’ व्हॅन. एवढा लवाजमा बरोबर असला की माणूस निर्धास्त होतो, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. गाइड वाट दाखवेल, पण चाकाखालची जमीन ज्याची त्यालाच बघावी लागते.

लडाखच्या भरवशावर राहणं

हिमालयात एकच रस्ता असतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. मंगोलिया महाराष्ट्राच्या पाचपट मोठा आणि लोकसंख्या जेमतेम ३५ लाख, त्यातली जवळपास निम्मी एकट्या उलानबातरमध्ये. उरलेल्या देशात डांबर संपलं की एकाशेजारी एक दहा-बारा चाकोऱ्या दिसतात. एक खराब झाली की लोकांनी शेजारून दुसरी पाडलेली असते. यातल्या काही पुढे एकत्र येतात आणि काही हळूच फुटून भलत्याच दरीत शिरतात. सुरुवातीला दोन मीटरचं असलेलं अंतर टेकडी ओलांडेपर्यंत दोन किलोमीटरचं झालेलं असतं.

म्हणून ग्रुपचा नियम पहिल्याच दिवशी पक्का करून घ्या: प्रत्येकाची जबाबदारी त्याच्या मागच्यावर नजर ठेवण्याची. जिथे वाट फुटते किंवा वळते तिथे थांबायचं, मागचा दिसला आणि त्याने हात केला की मगच पुढे जायचं. गाइड पुढे गेला म्हणून त्याला गाठायला पळू नका, तो थांबणारच आहे. चुकलातच, तर शोधत फिरू नका. इंजिन बंद करा, उंचवट्यावर दिसेल अशा जागी उभे राहा आणि तिथून हलू नका. एका जागी थांबलेला माणूस व्हॅनवाल्याला सापडतो, फिरणारा सापडत नाही. मोबाइलला रेंज गावाच्या आसपासच मिळते, त्यामुळे ऑफलाइन नकाशा आणि मुक्कामाच्या जागेचा बिंदू फोनमध्ये आधीच टाकून ठेवा.

मोकळं मैदान दिसलं की थ्रॉटल पिळणं

समोर क्षितिजापर्यंत हिरवं गवत, गाडी नाही, माणूस नाही. काटा आपोआप ऐंशीवर जातो. त्या गवतात मार्मोटची (खारीच्या कुळातला, बिळात राहणारा मोठा प्राणी) बिळं असतात, जुन्या चाकोऱ्यांचे कडक झालेले खड्डे असतात आणि पावसाने कापलेल्या घळी असतात, ज्या दहा फुटांवर येईपर्यंत दिसतच नाहीत. नजरेच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा आणि पडलेल्या चाकोरीतूनच चाला. यात फक्त तुमची सुरक्षितता नाही. इथलं गवत पातळ मातीवर उगवतं, एकदा चाकाने उखडलं की भरून यायला वर्षं लागतात, आणि त्याच गवतावर कुणाची तरी मेंढरं जगतात.

बिळातून बाहेर आलेला मार्मोट कितीही गोजिरा दिसला तरी त्याला हात लावू नका. त्याच्या अंगावरच्या पिसवा प्लेग पसरवू शकतात. २०१९ मध्ये बायान-उल्गी प्रांतात मार्मोटचं कच्चं मांस खाऊन एक जोडपं प्लेगने दगावलं होतं.

टायरमधली हवा हा दुसरा घोळ. डांबरावरची हवा तशीच ठेवली की खडीवर बाईक उड्या मारते. फारच कमी केली तर दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबवाल्या टायरला कच्च्या वाटेवर २० ते २२ पीएसआय साधारण ठीक असते, पण वजन आणि टायर बघून मेकॅनिक सांगेल ते ऐका. पत्र्याच्या पन्हळीसारखी झालेली वाट लागली तर फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून गुडघे सैल ठेवा. वाळूत वजन मागे, नजर लांब आणि थ्रॉटल चालू. वाळूत घाबरून क्लच अर्धवट दाबून ठेवणारे दुपारपर्यंत क्लच प्लेट जाळून बसतात.

नदी पाहून उत्साहात येणं

मंगोलियात वर्षभराच्या पावसातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये पडतो आणि सहलींचा हंगामही नेमका तोच. सकाळी घोट्यापर्यंत असलेला ओढा वरच्या अंगाला पाऊस झाला की संध्याकाळी मांडीपर्यंत येतो. काल कुणीतरी इथून गेला होता, याला आज काही किंमत नाही.

आधी चालत जा. बूट ओले होतील म्हणून कंटाळणारा माणूस नंतर बाईकसकट ओला होतो. पात्र जिथे रुंद आणि पाणी खळाळतं, तिथे ते बहुधा उथळ असतं. अरुंद, काळसर आणि शांत पाणी दिसलं तर तिथून लांब राहा. पलीकडचा काठ चढता येण्यासारखा आहे का, हे उतरण्याआधी बघा. पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर. प्रवाहाला थेट आडवं जाण्यापेक्षा थोडं खालच्या अंगाला तिरकं जाणं सोपं पडतं. पाणी जोरात असेल तर बाईक ढकलत न्यावी आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूला उभं राहावं, म्हणजे बाईक पडली तरी अंगावर येत नाही. आणि गाइड म्हणाला ‘आज नाही’, तर आज नाही. पुर्गोनमध्ये बाईक चढवण्यात कसलाही कमीपणा नाही.

बाईक पाण्यात पडून बंद पडली, तर सर्वांत महागात पडणारी गोष्ट म्हणजे घाईघाईने स्टार्टर दाबणं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बंद करा, बाईक बाहेर ओढा, एअर फिल्टर उघडून बघा. तो कोरडा असेल तर चिंता कमी. ओला असेल तर स्पार्क प्लग काढायचा आणि प्लगविना इंजिन फिरवून पाणी उडवून टाकायचं. मग तेल बघायचं: दुधाळ दिसलं तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. हे सगळं मेकॅनिकला येतं. तुमचं काम एवढंच, की तो येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

‘बाईक बिघडली’ अशी ओरड

काही आयोजक रॉयल एन्फील्ड हिमालयन देतात, काही जपानी ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारी बाईक. फ्युएल इंजेक्शनची बाईक आडवी पडल्यावर चालू होत नसेल तर आधी चावी पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर बहुतेक वेळा तेवढ्याने मोकळा होतो. गिअर टाकला की इंजिन बंद पडत असेल तर साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल अडकलेला असतो. पाण्याने धुवा, दोन-चार वेळा स्टँड वर-खाली करा. किल स्विच चुकून दाबला गेलाय का, हे बघायला तर कुणालाच आठवत नाही. मागचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) बंद करता येत असेल तर चावी फिरवल्यावर तो पुन्हा चालू होतो, हे उतारावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा: पुढच्या आणि मागच्या दोन्ही मापांच्या ट्यूब, क्लच केबल, लिव्हर बरोबर असतात का? सॅटेलाइट फोन आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा आयोजक बघा.

गेरसमोर धूळ उडवत जाणं

भटक्या पशुपालकांचं गेर, म्हणजे गोल तंबू, हे कुणाचं तरी घर आहे, फोटो काढायचा थांबा नव्हे. बाईक लांबच, वाऱ्याच्या खालच्या अंगाला थांबवा. उन्हाळ्यात घोडीचं दूध काढायचं म्हणून शिंगरं दोराला बांधलेली असतात. इंजिनच्या आवाजाने ती बिथरली की त्या घराचं दिवसभराचं काम बिघडतं. ड्रोन उडवायचा असेल तर आधी विचारा आणि कळपावर तर उडवूच नका. कुत्री अंगावर येतील. ‘नोखोई खोर!’ अशी हाक मारायची पद्धत आहे, म्हणजे कुत्रा धरा. कुणी बाहेर येईपर्यंत बाईकवरून उतरू नका.

आत शिरताना उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, हे मराठी घरात वाढलेल्यांना शिकवावं लागत नाही. शिरल्यावर डावीकडे जा. मधल्या दोन खांबांच्या मधून जायचं नाही, चुलीकडे पाय पसरायचे नाहीत, चुलीत कचरा टाकायचा नाही. वाटी पुढे आली की उजव्या हाताने घ्या, डावा हात कोपराखाली. नको असेल तर ओठाला लावून परत द्या, तेवढा मान पुरतो. ऐराग, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, पहिल्याच दिवशी वाडगाभर रिचवू नका. त्यात थोडा अल्कोहोल असतो आणि सवय नसलेल्या पोटाला ते जड जातं. दुसऱ्या दिवशी सहा तास बाईकवर बसायचं आहे.

शाकाहारींनी बुकिंग करतानाच सांगावं. ऐनवेळी सांगितलं तर मटणाच्या त्सुइवानमधून (परतलेल्या शेवयांच्या पदार्थातून) मांस वेचून काढलेल्या शेवया मिळतील. उन्हाळ्यात मात्र दही आणि घट्ट साय मुबलक असते. घरून मेतकूट नेलंत आणि भात मिळाला, तर जेवणाची चिंता निम्मी मिटते.

पावसाळी जाकीट आहे, म्हणून थंडीचं न नेणं

आपल्याकडे जुलैचा पाऊस उबदार. तिथे त्याच महिन्यात दुपारी टी-शर्ट आणि गारपिटीनंतर दातावर दात. उंचावरच्या मुक्कामी रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. थर्मल, जाड हातमोज्यांची दुसरी जोडी आणि रेनसूट बाईकवरच ठेवा. व्हॅन दोन तास मागे असते. सामान मऊ पिशवीत भरा, कडक सूटकेस व्हॅनमध्ये सगळ्यांचा जीव खाते.

आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढताना त्यावर मोटरसायकलचा वर्ग आहे ना, हे बघून घ्या. प्रवास विम्यात ठरावीक सीसीच्या वरची बाईक वगळलेली असणं अगदी नेहमीचं आहे. तो बारीक छापा वाचाच आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च मिळतो का, ते लेखी विचारा. खेड्यात कार्ड चालेलच असं नाही, तुगरिकच्या (तिथल्या चलनाच्या) नोटा शहरातूनच घ्या.

परतीच्या दिवशी डांबर लागलं की सगळे सुस्कारा सोडतात आणि टायरमध्ये हवा भरायला विसरतात. मऊ टायरवर शंभरच्या वेगाने बाईक वळणात डुलते आणि टायर तापतो. पहिल्याच पेट्रोल पंपावर हवा भरा, चेन बघा. रस्त्यावर गुरं बसलेली असतात, त्यामुळे उजेड असेपर्यंत पोहोचायचा हिशोब करा. उलानबातरची संध्याकाळची गर्दी पुण्याच्या चौकातली वाटेल इतकी असते. शहराच्या कडेपासून ग्रुप एकत्र ठेवून गाइडच्या मागे हळू चला.