पाणी गळतंय? प्लंबरबरोबर वायरमनलाही बोलवा

वरच्या मजल्यावरची नहाणी गळते, आपल्या छताला पिवळा डाग पडतो. प्लंबर ट्रॅपचा (नहाणीच्या जाळीखालच्या वाकड्या पाइपचा) सांधा बदलतो, रंगारी डागावर हात मारतो आणि विषय मिटला असं सगळे धरून चालतात. पण त्याच स्लॅबमधून पंख्याच्या वायरिंगचा पीव्हीसी पाइपही गेलेला असतो. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी या पाइपातून पंख्याच्या बॉक्सात आणि तिथून भिंतीतल्या स्विचबोर्डात उतरतं. गळती थांबली की बोर्ड वरून वाळतो, पण आत टर्मिनलवर क्षार आणि हिरवट गंज राहतो. आगीचा खरा धोका तिथे आहे, आणि तो प्लंबरच्या कामात येत नाही.

हे नीट समजायला थोडा हिशेब पाहू. ओल्या, क्षार साचलेल्या प्लास्टिकवरून फेजपासून अर्थिंगपर्यंत ०.३ अँपिअर करंट झिरपत असेल, तर २३० व्होल्टला ती सुमारे ६९ वॅट उष्णता झाली. सोल्डरिंगची साधी कावी २५ वॅटची असते. म्हणजे नखाएवढ्या जागेत जवळजवळ तीन काव्या तापत आहेत. १६ अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचला, ०.३ अँपिअर म्हणजे काहीच नाही, ती पडणार नाही. गंजलेल्या सांध्याचंही तसंच. २ किलोवॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. वाटेतल्या एका टर्मिनलवर गंजामुळे १ ओहमचा अडथळा आला, तर त्या एका स्क्रूपाशी सुमारे ७० वॅट जळतात आणि एमसीबीला करंट उलट किंचित कमीच दिसतो. ‘एमसीबी पडली नाही, म्हणजे सगळं ठीक आहे’ हा समज म्हणूनच सोडून द्या.

पहिल्या प्रकारावर, म्हणजे झिरपणाऱ्या करंटवर, उपाय आरसीसीबी: करंट अर्थिंगकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच. घरासाठी ३० मिलिअँपिअरची घ्या आणि महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबून ती पडते का पाहा. पावसाळ्यात ती सारखी पडते म्हणून बायपास करून घेणारे बरेच आहेत. ती पडते कारण पाणी कुठेतरी पोहोचलं आहे, ती जागा शोधा. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे सैल किंवा गंजलेल्या सांध्यात, आरसीसीबीही कामाला येत नाही. तिथे डोळे, नाक आणि हात वापरायचे. सॉकेटची भोकं तपकिरी झाली आहेत का? जळक्या प्लास्टिकचा किंवा खराब मासळीसारखा वास येतो का? गीझर वीस मिनिटं चालवून बंद करा, कोरड्या हाताने प्लग काढा आणि पिना न शिवता प्लगच्या बाहेरच्या भागावर हात ठेवा. कोमट चालेल. हात ठेवणं नको वाटलं, तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला.

गीझर: सगळ्यात जास्त लक्ष इथे

भिंतीवरच्या उभ्या गीझरचा कॉइल बहुधा खालच्या बाजूने बसवलेला असतो. त्याच झाकणाखाली थर्मोस्टॅट, कटआउट (गीझर जास्त तापला की वीज तोडणारा) आणि वायरींचे सांधे असतात. कॉइलच्या पट्टीचं गॅस्केट कडक झालं की पाणी थेंबाथेंबाने थेट या टर्मिनलांवर पडतं. बाहेरून काहीच दिसत नाही. वर्षातून एकदा मेकॅनिककडून एमसीबी पाडून, प्लग काढून हे झाकण उघडून घ्या आणि टॉर्च मारून पट्टीभोवती पांढरा थर किंवा हिरवट डाग आहे का ते स्वतः पाहा. कॉइल किंवा मॅग्नेशियमचा अॅनोड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली दांडी) साफ करायला काढला, की गॅस्केट नवंच टाकायला सांगा. जुनं दाबून परत बसवलेलं गॅस्केट टिकत नाही. बोअरचं पाणी असेल तर ही सफाई दरवर्षी हवीच. क्षारांच्या थराखाली कॉइल जास्त तापतो, त्याचं आवरण चिरतं आणि करंट पाण्यात उतरतो.

गीझरच्या प्रेशर व्हॉल्व्हमधून पाणी तापताना चार थेंब पडणं ठीक आहे, कारण तापलेलं पाणी फुगतं. सतत ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह बदला, पण त्याचं तोंड कधीही बुजवू नका. त्याला बारीक नळी लावून ती नहाणीपर्यंत सोडा, म्हणजे थेंब प्लगवर पडणार नाहीत.

वीजपॉइंट गीझरच्या बरोबर खाली, अँगल कॉकच्या शेजारी असेल तर तो हलवून घ्या. बाजूला आणि पाण्याच्या सांध्यांपेक्षा उंच ही त्याची जागा. वायरला प्लगच्या खाली झोल ठेवा. वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोलातून खाली पडतं, सॉकेटात शिरत नाही. २ किलोवॅटसाठी किमान २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, ३ किलोवॅटच्या इन्स्टंट गीझरला ४ चौरस मिमी, आणि दोन्हींना १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट. ६ अँपिअरच्या सॉकेटवर कन्व्हर्टर प्लग लावून गीझर चालवू नका.

कनेक्शन पाइपच्या जाळीवर गंजाचे ठिपके दिसले किंवा नटाभोवती पांढरी खपली धरली, तर पाइप बदला. पांढरी खपली म्हणजे झिरपून वाळलेलं पाणी.

टाकी धुतली किंवा लाइनचं काम झालं, की गीझर रिकामा असू शकतो. आधी गरम पाण्याचा नळ उघडा. हवा फुसफुसणं थांबून सलग धार आली की मगच स्विच. कोरडा कॉइल क्षणात लालबुंद होतो आणि तेव्हा थर्मल कटआउटवरच सगळी भिस्त असते. तो ‘सारखा तुटतो’ म्हणून वायर सरळ जोडून देणारे मेकॅनिक भेटतात. त्यांना तसं करू देऊ नका.

गॅस गीझरची चाचणी सोपी आहे. नळ बंद करा, ज्योत लगेच विझली पाहिजे. डायाफ्राम (पाण्याच्या दाबावर गॅस सुरू-बंद करणारा रबरी पडदा) चिकटला असेल तर पाणी थांबूनही बर्नर जळत राहतो. असा गीझर दुरुस्त होईपर्यंत सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवा. हा गीझर बाथरूमच्या आत बसवूच नये, हे वेगळं सांगायला हवं. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

जुने पाइप बदलताना

जुन्या इमारतींत अनेक ठिकाणी अर्थिंगची वायर पाण्याच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला बांधलेली असते. ती पद्धत योग्य नव्हती, पण जीआय होता तोवर काही प्रमाणात निभावत होतं. सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप टाकला की ती वाट बंद. प्लास्टिकमधून करंट जमिनीत जात नाही, आणि फॉल्ट झाला तरी एमसीबी पडण्याइतका करंट वाहत नाही. म्हणून पाइप बदलायच्या आधी वायरमनकडून अर्थिंग कुठे जोडली आहे ते पाहून घ्या आणि इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यापासून स्वतंत्र वायर ओढून घ्या.

सीपीव्हीसी जोडायचं सॉल्व्हंट सिमेंट पटकन पेट घेतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद बाथरूममध्ये जमिनीलगत साचते. काम चालू असताना खिडकी-दार उघडं, गॅसची शेगडी आणि गॅस गीझर बंद, देवघरातला दिवा विझवलेला, आणि त्या खोलीत विडी-सिगारेट नाही. डबा वापरून झाला की लगेच झाकण लावायला सांगा.

पाण्याच्या मोटरचं थोडक्यात: सील गळून पाणी वाइंडिंगवर उडत असेल तर सील बदलेपर्यंत मोटर चालवू नका. खालची टाकी रिकामी असताना मोटर बंद करणारा लेव्हल कंट्रोलर बसवा. सिंकखालच्या प्युरिफायरचं सॉकेट ट्रॅपच्या खाली असेल तर वर घ्या.

छत ठिबकू लागलं तर

कोरड्या हाताने, चप्पल घालून आधी त्या खोलीची एमसीबी पाडा. कोणती ते माहीत नसेल तर मेन स्विच. पंखा, दिवा लावून पाहायचा नाही. मग वरच्या घराचं पाणी बंद करवा. गळती थांबल्यावर वायरमनने पंख्याचा बॉक्स आणि बोर्ड उघडून वाळवायचा, भिजलेले स्विच-सॉकेट बदलायचे आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं आवरण करंट किती अडवतं ते मोजणाऱ्या मीटरने) सर्किट तपासायचं. आकडा १ मेगाओहमच्या खाली असेल तर एमसीबी चढवायची नाही, वायर बदलायची. बोर्डातून धूर आला तर पाणी मारू नका. मेन बंद करा, एबीसी पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक वापरा, १०१ ला फोन करा.

नहाणी पक्की झाली का, हे पाहायला तिचं तोंड बंद करून जमिनीवर दोन-तीन सेंटीमीटर पाणी २४ तास साठवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. टाइल बसवण्याआधी उघड्या भिंतीचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून, पाण्याचे आणि विजेचे दोन्ही पाइप दिसतील असे. पुढे टॉवेलचा रॉड लावताना ड्रिल कुठे मारायचं नाही ते त्या फोटोवरून कळतं.