महागडा ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचाय? आधी घरातला सॉकेट बघा

बेळगावात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन 'ट्यूब द्या' म्हटलं तर चार फुटांची ट्यूबलाइट हातात पडते. शहापुरातले आमचे रेडिओवाले काका मात्र 'व्हॉल्व्ह', म्हणजे जुन्या रेडिओतली आवाज वाढवणारी काचेची ट्यूब, हा शब्द कानावर पडला की चष्मा पुसून घेतात. त्यांच्या ड्रॉवरमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेले बीईएलचे व्हॉल्व्ह अजून आहेत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी रेडिओसाठी ते काढले होते. त्यातला ईसीसी८३ म्हणजेच गिटार अ‍ॅम्पमधला १२एएक्स७. युरोपातलं नाव एक, अमेरिकेतलं दुसरं, वस्तू तीच. गिटारचा आवाज अशा व्हॉल्व्हवर वाढवणारं यंत्र म्हणजे ट्यूब अ‍ॅम्प.

दोन-तीन लाख बाजूला काढून 'आयुष्यात एकदाच चांगला अ‍ॅम्प घेतो' म्हणणारे निपाणीचे, खानापूरचे, कॅम्पातले वाजवणारे अधूनमधून माझ्याकडे येतात. बहुतेकांनी मॉडेल आधीच ठरवलेलं असतं, फक्त 'होय' म्हणणारा कुणीतरी हवा असतो. मी उलट्या टोकाने सुरुवात करतो: कुठे वाजवणार, वीज कशी आहे, बिघडला तर उघडणार कोण. ही तीन उत्तरं मिळाली की यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

आधी आवाजाचा हिशोब

वॅट आणि आवाज यांचं नातं सरळ नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे ५० आणि १०० वॅटमध्ये जो फरक पडतो तो आवाजात थोडा, आणि वजनात व किमतीत भरपूर.

ट्यूब अ‍ॅम्पची खरी मजा तो थोडा ताणला गेल्यावर येते. पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या ट्यूब) घाम गाळायला लागल्या की स्वर गोल होतो, मींड ओढून धरलेला सूर हळूहळू विरत जातो. १०० वॅटचा अ‍ॅम्प तिथपर्यंत न्यायचा तर गल्ली रिकामी करावी लागेल. गणपत गल्लीतल्या भिंतीला भिंत लागलेल्या घरात तर १५ वॅटही रात्री जड जातात. माझ्या शेजारच्या आजी दार वाजवत नाहीत, थेट खिडकीतून सांगतात, "बाळा, ते यंत्र जरा झोपीव की."

गणेशोत्सवाचं स्टेज, ऑर्केस्ट्रा, गोव्यातले शनिवार-रविवार, यांतल्या कुठल्याही मोठ्या जागी स्पीकरसमोर माइक लावतातच. श्रोत्यांपर्यंत आवाज न्यायचं काम साउंडवाल्याच्या सिस्टिमचं. तुमच्या अ‍ॅम्पने फक्त ड्रमरच्या शेजारी तग धरला पाहिजे, आणि त्याला १५ ते ३० वॅट पुरतात. फेंडर कंपनीचा डीलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा आणि साधारण १९ किलोचा. ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा, २९ किलोचा. पहिला मी स्कूटरच्या पायापाशी ठेवून टिळकवाडीहून कॅम्पात नेलाय. दुसऱ्याला गाडी लागते आणि एक मित्रही लागतो, तोही जिन्यावर भेटेनासा होतो.

घरातच जास्त वाजवणार असाल तर अ‍ॅटेन्युएटरसाठी थोडे पैसे राखून ठेवा. तो अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून जादा ताकद गिळतो. मात्र त्याचे ओहम अ‍ॅम्पच्या आउटपुटशी जुळले पाहिजेत, आणि स्पीकर किंवा लोड (स्पीकरऐवजी ताकद गिळणारा भार) जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि अ‍ॅम्पमधल्या सर्वांत महागड्या भागांपैकी तो एक आहे.

मग वीज

दीडशे-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या आणि आठवडाभर दिवसातून तीनदा सॉकेटचं व्होल्टेज लिहून ठेवा: सकाळी, संध्याकाळी सातला, रात्री अकराला. टिळकवाडी-हिंदवाडीसारख्या भागात मला आकडे बहुधा २३० च्या आसपासच मिळाले. खानापूरकडे मामाच्या गावी, शेतातले पंप चालू असताना, संध्याकाळी १८८ दिसले होते. रात्री पंप बंद झाल्यावर तोच काटा अडीचशेच्या वर.

याने काय होतं? ट्यूबच्या आतल्या तारेला, म्हणजे हीटरला, ६.३ व्होल्ट लागतात. दहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ५.७ ते ६.९ पर्यंत. भिंतीत १८८ असतील तर हीटरला ५.१ च मिळतात. आवाज ढिला पडतो, आणि असंच रोज चाललं तर ट्यूबलाही मानवत नाही. अमेरिकन गिटारवादक एडी व्हॅन हेलन व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून मुद्दाम आपल्या मार्शल अ‍ॅम्पचं व्होल्टेज उतरवायचा. आमच्या मामाच्या गावी ते फुकटात उतरतं, फक्त आपण सांगू तेव्हा उतरत नाही. अडीचशेच्या वरचं जास्त वाईट, कारण तिथे कपॅसिटर आणि पॉवर ट्यूब दोन्हींवर ताण येतो.

आकडे असे हलत असतील तर सर्वो स्टॅबिलायझर (मोटरने व्होल्टेज सलग जुळवणारा) घ्या. रिलेवाला (स्विचने टप्प्याटप्प्याने बदलणारा) स्वस्त पडतो, पण टप्पा बदलताना 'टक्' करतो आणि ते 'टक्' ऐन गाण्यात ऐकू येतं. २०-३० वॅटच्या अ‍ॅम्पला ५०० व्हीएचा पुरे, १०० वॅटवाल्याला १ केव्हीए धरा.

अर्थिंग तर आधी तपासाच. फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास फेज-न्यूट्रलइतकेच व्होल्ट यायला हवेत, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीनच्या वर नकोत. जत्रेच्या मांडवात तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन मोडून टाकलेली मी पाहिली आहे, 'गुणगुण कमी येते' म्हणून. तो गिटारवाला गायला माइकजवळ गेला आणि ओठाला असा झटका बसला की पुढचं कडवं कोरसनेच म्हटलं. हसण्यावारी गेलं, पण याने माणसं दगावतात.

भाचा अमेरिकेतून येताना घेऊन येतो म्हणाला, हा प्रकारही आपल्याकडे असतोच. तिथला अ‍ॅम्प १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा. आपल्याकडे २३० आणि ५०. मागच्या पट्टीवर काय छापलंय त्याचा फोटो मागवा. आतल्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला २३० चा टॅप (त्या व्होल्टेजसाठीची वेगळी तार) असेल तर मेकॅनिक जोडणी बदलून देतो, फ्यूजही बदलावा लागतो. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कायमचा सोबत आला. त्यातही हर्ट्झ ५० च राहतात, त्यामुळे फक्त ६० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. आणि २३ किलोच्या बॅगेत डीलक्स मावतो, ट्विन नाही. वर कस्टमचं बिल येतं ते वेगळंच. हे सगळं बेरजेला धरलं की इथल्या डीलरकडचा २३० वाला अ‍ॅम्प तितकासा महाग वाटत नाही.

घराणं ठरवा

बेळगावकराला घराणं समजावून सांगावं लागत नाही. अ‍ॅम्पची मुख्य घराणी तीन धरा. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करता करता अ‍ॅम्पकडे वळलेल्या लिओ फेंडरचं पहिलं: ६व्ही६ किंवा ६एल६ ट्यूब, स्वच्छ, खुला, वरच्या पट्टीत चमकणारा आवाज. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये फेंडरच्या बासमनवरून जेटीएम४५ तयार झाला, कारण अमेरिकेचा माल तिथे फार महाग पडायचा. हे कारण आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे. पुढे ईएल३४ ट्यूब आल्या आणि मधल्या पट्टीत गुरगुरणारा तो रॉकचा आवाज ठरून गेला. तिसरं व्हॉक्सचं, एसी१५ आणि एसी३०: ईएल८४ ट्यूब, घंटेसारखा किणकिणणारा, पण जोर दिला की दात दाखवणारा.

लाखोंच्या घरातले बुटीक, म्हणजे छोट्या कंपन्यांचे मोजकेच बनणारे, अ‍ॅम्प बहुतेक याच तिघांची पोरं-नातवंडं. मॅचलेस व्हॉक्सकडून आलेला, फ्रीडमन मार्शलकडून. टू-रॉकचं मूळ डंबलमध्ये, आणि डंबलचं फेंडरमध्ये. म्हणून आधी या तीन घराण्यांतले साधे, जुने, मित्रांकडचे अ‍ॅम्प वाजवून बघा. कोल्हापूर, हुबळी, गोवा तिन्ही बेळगावहून सकाळी जाऊन रात्री परत येण्याजोगे आहेत. ईएल३४ च आवडत नसेल तर चार लाखांचा ईएल३४ वालाही आवडणार नाही.

स्पीकरकडे लोक लक्षच देत नाहीत. सेलेस्चन कंपनीचा ग्रीनबॅक स्पीकर तेवढ्याच वॅटला ९८ डेसिबल देतो, तर त्यांचाच व्हिंटेज ३० हा १००. या दोन डेसिबलसाठी वॅट दीडपटीहून जास्त वाढवावे लागले असते. अ‍ॅम्प ८० टक्के आवडला तर घेऊन स्पीकर बदला, खर्च बराच कमी येतो.

आता कानाने

स्वतःची गिटार, स्वतःची वायर. पेडल घरी ठेवा. दुकानदार नॉब फिरवायला लागला तर त्याला चहा आणायला सांगा.

अ‍ॅम्प चालू करून वीस मिनिटं तापू द्या. टोनचे सगळे नॉब मधोमध. आवाज तुम्ही प्रत्यक्षात जितका ठेवणार तितकाच, कारण दुकानात मोठा आवाज नेहमीच सुंदर वाटतो. एक खर्जातला कॉर्ड वाजवा आणि सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात का ते बघा. मग गिटारचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आणा. चांगला अ‍ॅम्प इथे स्वच्छ होतो पण मरत नाही, वरची चमक टिकून राहते. माझ्या मते पैसे कशाचे दिले ते याच एका चाचणीत कळतं. इथे आवाज ब्लँकेटखाली गेल्यासारखा झाला तर किंमत पुन्हा विचारूसुद्धा नका.

त्यानंतर गिटारचा व्हॉल्यूम शून्य करून नुसती सळसळ ऐका. थोडी असणारच. प्रीअ‍ॅम्पच्या छोट्या ट्यूबवर पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी मारा. 'टिंग' येऊन विरलं तर ठीक, पण घंटा वाजल्यासारखं घुमत राहिलं तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झालीय, म्हणजे धक्क्यांचाही आवाज उचलतेय. ती बदलता येते, तेवढ्यासाठी अ‍ॅम्प नाकारू नका, किमतीत कापून घ्या. दिवे मालवून पॉवर ट्यूबही बघा. काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरायचं कारण नाही. आतला राखाडी पत्रा लालबुंद होत असेल तर ताबडतोब बंद करायला सांगा.

सेकंडहँड घ्यायला गेलो तेव्हा काकांना सोबत नेलं होतं. मी समोरचं कापड, सोनेरी पाइपिंग न्याहाळत होतो. काका म्हणाले, "पाठमोरा कर बघू त्याला. तोंड काय बघतोस, लगीन लावायचंय काय?" मागून त्यांनी आधी ट्रान्सफॉर्मरवरचा रंग जळलाय का पाहिलं, मग नाक आत घालून वास घेतला, मग स्क्रूंच्या खाचा बघितल्या. झिजलेल्या खाचा म्हणजे बरेच हात लागलेत. आम्ही तो घेतला नाही.

उघडणार कोण

हाताने जोडलेला, टरेट बोर्डवरचा (खुंट्यांवर सुटे भाग डाग दिलेला) अ‍ॅम्प महाग असतो. त्याचा आवाज चांगल्या पीसीबीवाल्यापेक्षा (छापील सर्किट बोर्डवाल्यापेक्षा) आपोआप सरस असतो हे मला पटत नाही. पण तो काकांसारख्या माणसाला समोर ठेवून दुरुस्त करता येतो, आणि बेळगावात राहणाऱ्याला एवढं कारण पुरेसं आहे. पीसीबीवरच ट्यूबचे सॉकेट, नॉब, चार चॅनल आणि रिले असले की तो खोका बंगळूर नाहीतर मुंबईला जातो, आणि परत कधी येतो ते विचारायचं नसतं.

बायसचा, म्हणजे पॉवर ट्यूबमधून किती करंट वाहू द्यायचा त्या जुळवणीचा, प्रकारही आधी विचारून घ्या. फिक्स्ड बायस असेल तर पॉवर ट्यूब बदलताना दरवेळी मीटर लावून बायस जुळवावा लागतो. एसी१५, एसी३० सारख्या कॅथोड बायसमध्ये (करंट आपोआप सांभाळला जातो) जुळलेला संच लावायचा आणि वाजवायचं. त्या बदल्यात एसी३० तापतो खूप आणि ट्यूब लवकर खातो.

ट्यूब बदलण्यापलीकडे स्वतः काही उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ४०० व्होल्टच्या वर साठून राहू शकतात. ट्यूबचा एक जादा संच अ‍ॅम्पसोबतच घ्या. जगात गिटारच्या ट्यूब मोठ्या प्रमाणावर काढणारे कारखाने स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये आहेत. २०२२ मध्ये रशियाचा माल अडकेल म्हटल्यावर भाव कसे पळाले ते ज्यांनी तेव्हा शोधल्या त्यांना माहीत आहे.

पावसाळा

जून ते सप्टेंबर अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका, भिंतीला चिकटवूनही नको. कणकुंबीकडे, धो धो पावसात, राहत असाल तर कापडावर बुरशी येणारच, कोरड्या फडक्याने पुसा आणि आठवड्यातून एकदा तासभर वाजवा. ट्यूबची ऊबच ओल पळवते. खोका घेतानाच पाइन किंवा प्लायचा आहे ना ते विचारा, एमडीएफचे कोपरे आमच्या हवेत फुगतात.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी मागच्या पॅनेलच्या आत एक कागद चिकटवा: फ्यूज किती अँपिअरचा, स्लो-ब्लो (जरा उशिरा उडणारा) की साधा, ट्यूब कोणत्या खाचेत कोणती, कधी बदलल्या, त्या दिवशी सॉकेटला व्होल्ट किती. माझ्या कागदावर शेवटच्या ओळीत काकांचं अक्षर आहे: 'अर्थ बघितला. २३१.'