ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत कंपोस्टचे ड्रम लावताना

इकडे कंपोस्ट बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यापायी. ओल्या कचऱ्यात मुळातच ७०-८० टक्के पाणी असतं, त्यात जून ते सप्टेंबर हवाही ओली. म्हणून ड्रमच्या आधी सुक्या पाल्याची सोय करा. जानेवारी ते मार्च पानगळ चालते, तेव्हा सोसायटीत झाडलोट करणाऱ्यांना सांगून ठेवलं की पाला फुकट मिळतो. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, फणस आणि बदामाची जाड पानं मात्र हाताने चुरूनच घ्यावी लागतात. चौघांच्या घराला पावसाळाभर तांदळाच्या सहा-सात मोठ्या गोणी पुरतात. गोणी भिजू देऊ नका. वखारीतला भुसा चालतो, पण प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात.

चौघांचा ओला कचरा रोज साधारण किलोभर धरला, तर झाकणाचे ६० लिटरचे दोन प्लास्टिक ड्रम घ्या. एक भरत असताना दुसरा मुरतो. ड्रिलच्या ८ मिमी बिटने चारही बाजूंना दर १० सेंटिमीटरवर भोकं पाडा, तळाला पाच-सहा. झाकणाला भोक पाडू नका, पाऊस तिथूनच आत जातो. बाजूच्या भोकांवर आतून डासांची जाळी चिकटवा. ड्रम दोन विटांवर ठेवा, खाली परात. परातीतलं पाणी रोज ओता, नाहीतर त्यात डास होतील. नेरुळ-वाशीकडच्या रो-हाऊसच्या बागेत ड्रम मातीवर ठेवणार असाल, तर तळाला अर्धा इंचाची लोखंडी जाळी लावा. घूस प्लास्टिक सहज कुरतडते.

तळाशी नारळाच्या शेंड्या आणि बारीक काटक्यांचा पाच-सात सेंटिमीटर थर, वर तेवढाच पाला, आणि विरजण म्हणून दोन मुठी जुनं खत किंवा थोडं शेण. बाजारातल्या कल्चर पावडरीवाचून (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची पूड) काही अडत नाही. पावसाळ्यात आंबट ताक तर मुळीच ओतू नका, पाणीच वाढतं.

रोजचा कचरा दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून चाळणीत निथळू द्या. मग एक वाटी कचऱ्याला दोन वाट्या चुरलेला पाला. पावसाळ्यात अंदाजाने अजून थोडा. शेवटचा थर पाल्याचाच हवा, कचरा उघडा दिसता कामा नये. दर तीन दिवसांनी खुरप्याने तळापर्यंत हलवा. मूठभर घेऊन घट्ट पिळा: एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाला वाढवा, मूठ उघडताच भुगा विस्कटला तर पाणी शिंपडा.

भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, दोरे काढलेलं निर्माल्य हे सगळं चालतं. उरलेला भात-पोळी थोडीच, तीही खोलवर. कोलंबीची सालं आणि मासळीचे काटे बाल्कनीतल्या ड्रममध्ये नकोतच. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या वर्षभर तशाच राहतात.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा पोचत नाही: सगळं परातीत उपसा, पाला मिसळा, पुन्हा भरा. नाकाला झोंबणारा वास म्हणजे पाल्याच्या मानाने ओला कचरा जास्त झाला, उपाय तोच. मुंग्या आल्या तर ड्रम कोरडा पडलाय. चिलटं वरच्या उघड्या कचऱ्यावर येतात, वर चार बोटं पाला घाला. जाड, करड्या अळ्या पाहून मात्र फेकाफेक करू नका. त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा झपाट्याने खातात आणि माणसाला काही करत नाहीत. पांढरी बुरशीही चांगलीच. एवढ्याशा ड्रममध्ये फार उष्णता तयार होत नाही, त्यामुळे टोमॅटो-भोपळ्याच्या बिया खतातून उगवतात. उपटून टाका.

ड्रम महिनाभरात भरतो, पण वरचा थर तोवर कच्चाच असतो. दुसराही भरला की पहिल्यातलं अर्धवट खत गोणपाटात काढून सावलीत आणखी महिनाभर मुरू द्या. मग मूठभर खत पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर कुबट वास आला तर अजून थांबा, मातीचा वास आला तर पाच मिमीच्या चाळणीतून चाळा. वर राहिलेले गोळे पुढच्या ड्रमला विरजण म्हणून वापरा. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत पुरे. भरलेल्या बारा इंची कुंडीला महिन्यातून दोन मुठी.